पहिलं भारी मेकॅनिकल स्पोर्ट्स घड्याळ घ्यायचंय. कुठलं घ्यावं?

केदार_कोथरूड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

यंदा पंचेचाळीस पूर्ण होतायत. कंपनीच्या शेअर्सचे थोडे पैसे हातात आलेत. गृहकर्ज फिटलंय, मुलीच्या शिक्षणाचं बाजूला काढलंय (हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्यावर प्रतिसाद नकोत). त्यातून एकच घड्याळ घ्यायचंय. चावीचं किंवा ऑटोमॅटिक, सेलवालं नको. रोज वापरायचं, कपाटात ठेवायचं नाही.

आजवरची कर्तबगारी: दहावीला बाबांनी दिलेलं टायटन, नोकरी लागल्यावर सायको ५, आणि गेली सहा वर्षं स्मार्टवॉच. त्याचा आता कंटाळा आलाय. मीटिंगमध्ये मनगट थरथरतं, रात्री मोबाइलशेजारी त्यालाही चार्जिंगला निजवा, आणि बॅटरी म्हातारी झाली की सगळंच टाकून द्या.

माझा आठवडा असा: पाच दिवस ऑफिस, बरंचसं टायपिंग. मंगळवारी आणि गुरुवारी टिळक तलावावर पोहणं. रविवारी सिंहगड, अधूनमधून राजगड-तोरण्याकडे. स्कूटर रोजची. मनगट साडेसोळा सेंटिमीटर, म्हणजे काडीच.

डोक्यात चार आहेत: ओमेगा सीमास्टर डायव्हर ३००, ओमेगा स्पीडमास्टर, ट्यूडर ब्लॅक बे ५८ आणि ग्रँड सायको स्नोफ्लेक. बजेट सहा लाखांच्या आसपास. फारच जीव अडकला तर थोडं पुढे.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत आणि अजून एचएमटी कांचन घालतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "वेळ बरोबर दाखवावी, वार-तारीख दाखवावी. आणखी काय बघायचं असतं घड्याळात?" म्हणून इथे विचारतोय.

---

गंपूशेठ

सहा लाखांत चांगली सेकंडहँड गाडी येते. वेळ मोबाइलवर फुकट दिसते.

---

केदार_कोथरूड

गाडी आहे. मोबाइलही आहे.

---

टिकटिक

केदारराव, 'स्पोर्ट्स' या शब्दाने फसू नका. ही घड्याळं घालून कोणी खो-खो खेळत नाही. स्टील किंवा टायटेनियमचं, नीट बंद, पाणी सोसणारं, अंधारात रेडियम दिसणारं, दाराच्या चौकटीवर आपटलं तरी चालत राहणारं, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या यादीतली चारही अशी आहेत, पण जन्म वेगवेगळ्या कामांसाठी झालाय.

सीमास्टर ३०० आणि ब्लॅक बे पाणबुड्यांची. दोन्हींच्या काचेभोवतीचं कडं फिरतं, आणि एकाच दिशेने फिरतं. पाण्यात असताना धक्का लागून ते सरकलंच तर 'जास्त वेळ झाला' असं दाखवेल, कमी कधीच नाही. म्हणजे माणूस लवकर वर येईल. घरी कुकरच्या शिट्टीनंतरची दहा मिनिटं मोजायला हे कडं फार छान.

स्पीडमास्टर १९५७ साली आलं ते मोटारींच्या शर्यतीसाठी, म्हणून त्याच्या कड्यावर वेग मोजायचा टॅकिमीटर आहे. अंतराळ नंतर आलं: नासाने घड्याळांचे हाल करून चाचण्या घेतल्या आणि १ मार्च १९६५ ला याला पास केलं. गंमत म्हणजे चंद्रावर उतरताना आर्मस्ट्राँगने आपलं घड्याळ यानातच ठेवलं होतं, कारण यानातला टायमर बिघडला होता. चंद्राच्या मातीवर पहिल्यांदा गेलं ते ऑल्ड्रिनच्या मनगटावरचं. पण एवढं सगळं करून आलेल्या घड्याळाला पाण्याची हमी ५० मीटरचीच. आठवड्यातून दोनदा टिळक तलावात मी तरी ते घालून उतरणार नाही.

आता मनगट. लोक नुसता व्यास विचारतात: ४२ का ३९? खरं माप वेगळं आहे. पट्टा जिथे अडकतो ते वरचे कान आणि खालचे कान, यांच्यातलं टोकापासून टोकापर्यंतचं अंतर. सीमास्टर ३०० चं जवळजवळ ५० मिलिमीटर, ब्लॅक बे ५८ चं ४८ च्या किंचित आत. कागदाच्या दोन पट्ट्या कापा, एक ५० ची, एक ४८ ची, आणि मनगटावर आडव्या नाही, हाताच्या दिशेने उभ्या ठेवा.

थांबा, उलटं लिहिलं. कान बोटांकडून कोपराकडे नसतात, मनगटाच्या रुंदीवर येतात. पट्ट्या आडव्याच ठेवा. टोकं मनगटाबाहेर लटकली तर घड्याळ कितीही आवडो, नाद सोडा. आणि हे आरशात बघा. वरून डोळे खाली करून पाहिलं की प्रत्येक घड्याळ मोठंच दिसतं.

माझं मत विचारलंत तर तुमच्या यादीत नसलेलं: ओमेगा अ‍ॅक्वा टेरा, ३८ मिलिमीटरचं. १५० मीटर पाणी, शर्टाच्या बाहीखाली जातं, तारीख आहे. वडीलही खूश.

---

केदार_कोथरूड

कागदाच्या पट्ट्या कापून बघितल्या. ५० ची अगदी काठावर. बायको दारातून बघत होती, काही बोलली नाही, जे जास्त वाईट.

अ‍ॅक्वा टेरा चांगलंच आहे हो, पण फोटो बघून काही हलत नाही आतून. शहाणं घड्याळ वाटतं.

---

लंबक

वरच्या पोलिसी चौकशीत एक मुद्दा राहिला, तो म्हणजे वडिलांची पहिली अट. 'वेळ बरोबर दाखवावी.' इथेच नवीन माणसाची सगळ्यात मोठी निराशा होते.

शे-दोनशे रुपयांचं सेलवालं घड्याळ वेळेच्या बाबतीत तुमच्या सहा लाखांच्या घड्याळाला हरवणार. स्प्रिंग उलगडते, तिची ताकद चक्रांमधून बॅलन्स व्हीलपर्यंत जाते, आणि ते चक्र, ब्लॅक बे ५८ मध्ये, तासाला २८,८०० ठोके देतं, सेकंदाला आठ. दिवसाला सहा लाख एक्क्याण्णव हजार दोनशे ठोके. दिवसाचे सेकंद ८६,४००, त्यात चार-पाच इकडेतिकडे होणं म्हणजे या यंत्राने कमालच केली असं समजायचं. स्वित्झर्लंडच्या कॉस्क या संस्थेकडे यंत्र पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासतात. दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे यात बसलं की ते क्रोनोमीटर. ओमेगा त्यावर मेटास या स्विस मापन संस्थेची परीक्षा देते: शून्य ते पाच सेकंद पुढे, मागे पडणं मान्यच नाही, आणि १५,००० गॉसच्या चुंबकातही चालायला हवं.

रात्री काढून ठेवतानाची जुनी युक्ती सांगतो. प्रत्येक घड्याळ वेगळ्या स्थितीत वेगळं पळतं. आठवडाभर तबकडी वर करून ठेवा आणि सकाळी फरक लिहा. पुढचा आठवडा चावी खाली करून कडेवर उभं ठेवा. कुठल्या कुशीवर ते मागे पडतं हे कळलं की दिवसभर कमावलेले दोन-तीन सेकंद रात्री झोपेत परत घेता येतात. माझ्या बायकोच्या मते हा आजार आहे.

अवांतर: मैदानी घड्याळाच्या गोष्टीत भारताचाही हात आहे. पोलो खेळताना इथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या. सेझार द त्रे नावाच्या व्यापाऱ्याकडे ही तक्रार गेली आणि त्यातून १९३१ साली जेजर-लकूल्त्रचं रिव्हर्सो निघालं. खेळताना तबकडी उलटी फिरवायची, स्टीलची पाठ वर. आज तेच घड्याळ लोक सुटावर घालतात. म्हणजे आजचं स्पोर्ट्स उद्याचं लग्नातलं.

---

नाखवा_मालवण

पाण्याबद्दल माझं ऐका, मी किंमत मोजलीय.

माझं २०० मीटरवालं चांगल्या कंपनीचं डायव्हर. मागे पडायला लागलं म्हणून एका ओळखीच्या घड्याळजीकडे दिलं. माणूस हाताचा चांगला, वेळ अगदी बरोबर लावून दिली. पण पाठ उघडली की आतली रबरी रिंग बदलायची आणि बंद केल्यावर दाबाची चाचणी करायची, यातलं काही त्याने केलं नाही आणि मीही विचारलं नाही. तारकर्लीला पाहुण्यांना घेऊन पाण्यात उतरलो, जेमतेम छातीभर पाणी. दुपारी बघतो तर काचेच्या आत धुकं.

मी काय केलं? तांदळाच्या डब्यात ठेवलं. दोन दिवस. खाऱ्या पाण्याला गंज चढवायला दोन दिवस म्हणजे निवांत मुदत झाली. उघडलं तेव्हा स्क्रूंवर तांबूस भुकटी होती. त्याच दिवशी उघडून धुऊन घेतलं असतं तर वाचलं असतं.

तेव्हा तबकडीवरचा आकडा हा नव्या घड्याळाचा आकडा आहे, जन्मभराचा नाही. दर वर्षी-दोन वर्षांनी दाबाची चाचणी करून घ्या, तलावावरून आलात की नळाखाली धरा (क्लोरीन), आणि चावी स्क्रूची असेल तर पाण्यात जाण्याआधी ती घट्ट आहे ना हे बोटांनी बघा. डोळ्यांनी नाही, बोटांनी.

कोकणात चामडी पट्टा घेऊ नका. पावसाळ्यात त्यावर बुरशीची शेती होते.

---

गंपूशेठ

मोबाइल पण पाण्यात पडला तर तांदळात ठेवतात. चालतो.

---

झुरिचकर

धागा वाचतोय आणि वाट बघतोय की 'तिकडून आणलं तर स्वस्त पडेल का' कधी येतं. आलं नाही, तरी उत्तर देऊन ठेवतो, कारण वर्षातून निदान चार फोन येतात मला.

इथला व्हॅट ८.१ टक्के. तो परत मिळतो पर्यटकाला, मी इथला रहिवासी, मला नाही. म्हणजे 'तू घेऊन ठेव, मी पैसे पाठवतो' यात काही वाचत नाही. तुम्ही स्वतः आलात, तुमच्या नावाने बिल केलंत, विमानतळावर कागदावर शिक्का घेतलात, तर मिळेल, त्यातून मध्यस्थाचं शुल्क जाऊन. मग मुंबईत उतरल्यावर मोफत मर्यादेच्या वरच्या किमतीवर ड्यूटी. 'मनगटावर घालून ये, कोण विचारतंय' असं सांगणारे काका मला फार प्रिय आहेत, पण लाल चॅनेलवर माझ्या जागी ते उभे राहणार नसतात. सगळा हिशोब केला की फरक विमानाच्या खाण्याइतका उरतो, आणि दुकान साडेसहा हजार किलोमीटरवर.

उलट भारतात आता चित्र बदलतंय. भारत आणि स्वित्झर्लंड-नॉर्वे वगैरे चार देशांचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, त्यात स्विस घड्याळांवरची आयात ड्यूटी सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर यायची आहे. पण त्यासाठी थांबू नका. ड्यूटी पायरीपायरीने उतरते आणि कंपन्या किमती जिन्याने चढवतात.

एक सल्ला मात्र फुकट. कधी इकडे आलात तर झुरिचच्या दुकानांऐवजी ला शो-द-फाँला जा. १७९४ च्या आगीनंतर गाव नव्याने बांधलं, आणि घरांच्या रांगा अशा आखल्या की खिडकीशी बसून काम करणाऱ्या घड्याळजीला दिवसभर उजेड मिळावा. मी गेलो तेव्हा पाऊस होता. तरी खिडक्यांची ती रांग बघून समजलं की कारखान्याआधी इथे घरंच कारखाना होती. शेजारचं ल लोक्ल हे ट्यूडरचं गाव. दोन्ही गावं २००९ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

---

अनघा_ठाणे

इथे सगळे पुरुष ४२-४२ करतायत. माझं मनगट साडेचौदाचं आहे आणि मी रोलेक्स एक्सप्लोरर ३६ घालते. केदार, तू यादीत घेतलं नाहीस, का?

आणि एक इशारा. आधीचं घड्याळ एकदा अचानक दिवसाला दोन-अडीच मिनिटं पुढे पळायला लागलं. मला वाटलं संपलं आता, सर्व्हिसिंगला टाकावं लागणार. घड्याळदुरुस्तीच्या काकांनी होकायंत्र जवळ धरलं, सुई गर्रकन फिरली. पर्सचं झाकण चुंबकाचं होतं आणि मी रोज रात्री घड्याळ काढून पर्समध्ये टाकत होते! आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकित होऊन वेटोळी एकमेकांना चिकटतात, मग घड्याळ पळत सुटतं. काकांनी एका डबीवर धरून बटण दाबलं, दहा सेकंदांत बरं झालं. चुंबक काढायची ती डबी काही शे रुपयांत मिळते, मी आणून ठेवलीय. मोबाइलचं चुंबकी कव्हर, लॅपटॉपचं झाकण, इंडक्शन शेगडी, सगळीकडे लांब ठेव. ब्लॅक बे ५८ मध्ये सिलिकॉनची स्प्रिंग आहे, तिला ही भानगड नाही.

---

केदार_कोथरूड

अनघाताई, एक्सप्लोरर फार आवडतं. दुकानात विचारलं तर नाव लिहून घेतलं, 'कळवू' म्हणाले. कधी ते नाही सांगितलं. घरी येऊन बाबांना सांगितलं की या घड्याळाला यादी आहे. ते म्हणाले, "आम्हाला कांचनसाठी यादी होती. मधे पन्नास वर्षं गेली ना?"

---

लंबक

एक्सप्लोररचं नाव जिच्याशी जोडतात त्या एव्हरेस्ट मोहिमेची जाहिरात रोलेक्सने केली हे सगळ्यांना माहीत आहे. १९५३ च्या त्या मोहिमेला इंग्लंडच्या स्मिथ्सनेही घड्याळं दिली होती आणि त्यांनीही जाहिरात केली, हे कोणी सांगत नाही. यादी मात्र फक्त एकाची.

---

ओसाकाकर

स्नोफ्लेकबद्दल कोणी बोलेना म्हणून मी.

याचा सेकंदकाटा टिकटिकत नाही आणि इतर ऑटोमॅटिकसारखा बारीक थरथरतही नाही. सरकतो, तेलाच्या थेंबासारखा. ताकद स्प्रिंगचीच, हात हलला की आत फिरणाऱ्या रोटरने चावी बसते, सेल नाही. पण वेग ठरवायला क्वार्ट्झ (सेलवाल्या घड्याळात असतो तो स्फटिक), आणि चक्राला आवरायला विजेचा ब्रेक. ती वीज ते चक्र स्वतःच तयार करतं. योशिकाझू आकाहाने या इंजिनिअरने १९७७ मध्ये ही कल्पना मनात धरली. पहिलं स्प्रिंग ड्राइव्ह घड्याळ आलं १९९९ मध्ये, आणि ते बघायला आकाहाने नव्हते, आदल्याच वर्षी गेले. मला हे घड्याळ बघताना दर वेळी ते आठवतं.

महिन्याला पंधरा सेकंद, म्हणजे दिवसाला अर्धा. वडिलांची पहिली अट इथे खऱ्या अर्थाने पुरी होते. तारीखही आहे. तबकडी जपानमधल्या शिनशूच्या डोंगरातल्या बर्फासारखी, सकाळी वेगळी, ट्यूबलाइटखाली वेगळी. टायटेनियम असल्याने हलकं. वाईट काय, तर पट्ट्याला उन्हाळ्यात जरासं सैल करायची सोय नाही, आणि आपल्याकडे मनगट दुपारी फुगतं.

---

लंबक

उत्तम घड्याळ, फक्त त्याला मेकॅनिकल म्हणू नका. क्वार्ट्झ आलं की संपलं.

---

ओसाकाकर

सेल नाही, मोटर नाही, स्प्रिंगवर काटे फिरतात. मग काय म्हणायचं?

---

लंबक

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

टिकटिक

हे दोघे गेली पाच वर्षं प्रत्येक धाग्यावर हेच भांडतात. केदारराव, दुकानात जा.

आणि जुन्याच्या मोहात पडणार असाल तर एक. 'व्हिंटेज' म्हणून चकाचक रंगाची तबकडी असलेलं काही दिसलं तर हात मागे घ्या. जुन्या यंत्रावर नवीन रंगवलेली तबकडी, दुसऱ्याच घड्याळाचे काटे, असा माल आपल्याकडे इतका बनला की परदेशातले संग्राहक त्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. पावभाजीसारखं. वापरलेलं घ्यायचं तर पेटी, वॉरंटी कार्ड, मूळ बिल आणि विकणारा माणूस, चारही बघा. फर्स्ट कॉप्या आता इतक्या चांगल्या होतात की पाठ उघडल्याशिवाय माझ्यासारख्यालाही ओळखू येत नाहीत.

---

केदार_कोथरूड

वृत्तांत. लांब आहे.

शनिवारी सकाळच्या डेक्कन क्वीनने मुंबईला गेलो, बायको बरोबर. पहिल्याच दुकानात पांढरे हातमोजे घातलेल्या मुलाने मखमली ट्रेमध्ये घड्याळ आणलं आणि पाणी विचारलं. मी घाईघाईने नको म्हणालो. नंतर कळलं की इथे दोन तास बसलं तरी कोणी काही म्हणत नाही.

सीमास्टर: लाटांची तबकडी फोटोपेक्षा सुंदर. मनगटावर मात्र वाटी उपडी घातल्यासारखी. टिकटिकराव, तुमची पट्टी खरी ठरली. शर्टाची बाही त्यावर चढून अडकून बसली, उतरेना.

स्पीडमास्टर: तेही ४२, पण इतकं मोठं वाटलं नाही, कान खाली वळलेले आहेत म्हणून असेल. चावी दिली. बोटांना दाते जाणवत होते, बारीक, एकसारखे, सुपारी कातरताना अडकित्त्यात येतो तसा कट्-कट् स्पर्श. बटण दाबल्यावर मोठा काटा निघाला. मी हरवलो होतो. बायको म्हणाली, "हे लहान तीन गोल कशाला?" मी सांगायला लागलो, एक सेकंदांचा, एक मिनिटांचा, एक तासांचा. ती म्हणाली, "तू काय मोजणार आहेस?" उत्तर सुचलं नाही. शिवाय पोहणं, आणि क्रोनोग्राफचं, म्हणजे अशा स्टॉपवॉचवाल्या घड्याळाचं, सर्व्हिसिंग साध्या घड्याळापेक्षा बरंच महाग, हेही त्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं.

स्नोफ्लेक: ओसाकाकर, तुमचं सगळं खरं. पाच मिनिटं मी नुसता तो काटा बघत बसलो. बायकोलाही हेच आवडलं. पण इतकं हलकं, इतकं नाजूक देखणं, की हे घालून स्कूटरवरून सिंहगडाच्या पायथ्याला जाताना माझं लक्ष रस्त्यावर राहणार नाही.

ब्लॅक बे ५८: पहिल्या मिनिटात काहीच वाटलं नाही. काळी तबकडी, सोनेरी खुणा-रेषा, चौकोनी टोकाचा तासकाटा. पट्ट्यावर खोटे रिव्हेट आहेत, ते अजूनही आवडत नाहीत. मग फोन आला, मुलीचा, डब्याची चावी सापडत नव्हती. बोलत बोलत मी दाराकडे चालत गेलो आणि सिक्युरिटीवाला खुर्चीतून उठला. चार लाखांचं घड्याळ हातात घालून मी मॉलमध्ये निघालो होतो. आत मुलगा हसत होता, "सर, ये आपका हो गया."

त्या दिवशी घेतलं नाही. परतीच्या गाडीत बायकोने एकच विचारलं, "ते काळं का? पांढरं छान होतं." मी म्हटलं, काळं हातात असल्याचं लक्षातच नव्हतं. ती म्हणाली, "लक्षात राहू नये म्हणून चार लाख?"

---

गंपूशेठ

वहिनींना या धाग्यावर आणा.

---

अनघा_ठाणे

+१

---

झुरिचकर

२०१८ साली आलेलं मॉडेल, नावातलं ५८ म्हणजे १९५८ चं ट्यूडर, २०० मीटरचं त्यांचं पहिलं. ३९ मिलिमीटर, ७० तास चालतं, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी काढलं तर सोमवारी सकाळी चालू असतं. घेऊन टाका.

---

केदार_कोथरूड

तीन आठवड्यांनी पुन्हा. घेतलं. पुण्यातच मिळालं. पॅन कार्ड, बिल, वॉरंटी कार्डावर तारीख, सगळं समोर करून घेतलं. पट्ट्याच्या दोन कड्या काढाव्या लागल्या. त्या जपून ठेवायला सांगितल्या आहेत.

रोज तीन सेकंद पुढे जातं. लंबकराव, रात्री चावी खाली करून ठेवलं की एकावर येतं. बायको म्हणते आता दोन घरांत हा आजार झाला.

चौथ्या दिवशी लॅपटॉपच्या कडेने पट्ट्याच्या कुलपावर पहिला ओरखडा आला. अर्धा तास जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी दुसरा आला, तेव्हा जेवलो. तलावात दोनदा जाऊन आलंय, नळाखाली धरतो. सिंहगडावर पिठलं येईपर्यंत कडं फिरवून ठेवलं: सोळा मिनिटं.

बाबांना दाखवायचं धाडस रविवारी केलं. त्यांनी चष्मा बदलला, खिडकीशी गेले, मोबाइलवरची वेळ आणि काटा शेजारी धरून पूर्ण एक मिनिट बघितलं. नियंत्रकाच्या केबिनमध्ये बसून गाडी वेळेवर सुटली का बघायचे तसंच. "चार सेकंद पुढे आहे," म्हणाले. मी म्हटलं, तुमचं कांचन किती पुढे आहे? "ते जुनं आहे, त्याचं जाऊ दे."

मग हातात वजन करून बघितलं, उलटं केलं, सुलटं केलं. तीनच्या खुणेपाशी अंगठा फिरवला, नंतर सहाच्या.

"तारीख कुठाय?"

---

टिकटिक

अ‍ॅक्वा टेरा म्हणत होतो मी.